एक दिवसाआडचा राखणदार

ताटात एकच भाकरी होती. शाळूची, नीट पापुद्रा सुटलेली. शेजारी मुगाची आमटी आणि काकडीची कोशिंबीर. वैजयंतानं घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. तो गळ्याखाली उतरतो न उतरतो तोच पोट गच्च झालं. लग्नाच्या पंगतीत चौथ्यांदा आग्रह झाल्यावर होतं, तसं. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं, तरी आतून कुणीतरी आडवा हात धरून म्हणत होतं, पुरे.

काल तिनं दोन्ही वेळ पोटभर खाल्लं होतं. परवा नाही. तेरवा खाल्लं होतं.

तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं पाहिलं. माघ लागला होता. कार्तिकी एकादशी होऊन तीन महिने होत आले.

"संपलं की रे देवा," ती देव्हाऱ्याकडं बघून हळूच म्हणाली. "उद्यापन करीन म्हटलंय ना? त्याचं ऑपरेशन होऊ दे, मग करते. तवर असं धरून ठेवू नकोस."

देव्हाऱ्यातली समई शांत जळत होती. वैजयंतानं भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि वजनकाट्यावर उभी राहिली. त्रेसष्ट किलो चारशे. गेल्या सोमवारी चौसष्ट होतं.

वजन उतरलेलं बघून बायका हरखतात. वैजयंतानं मात्र उतरून पुन्हा चढून बघितलं. आकडा तोच.

तिची गोष्ट अशी होती. तिचा धाकटा भाऊ दिगंबर, घरात दिगू, इचलकरंजीत मागांचा जॉबर. माग बिघडला, नवं डिझाईन लावायचं असलं, की दिगूला हाक. आताचे माग आपलं आपण चालत, तुटलेला धागा आपलं आपण जोडत, तरी अडलं की त्यांनाही दिगूच लागे. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं बसली. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस, दिवसाला मोजून एक लिटर पाणी, मीठ बंद, भाजी दोनदा उकळून पाणी ओतून दिलेली. सुई टोचायला हातात शिरेची जी जोडणी करतात, त्या त्याच्या दोन बंद पडल्या होत्या. तिसरी डाव्या दंडात होती. तीही गेली तर पुढं काय, हे डॉक्टर स्पष्ट बोलत नव्हते आणि घरात कुणी विचारत नव्हतं.

मूत्रपिंड जुळलं ते आक्काचं, म्हणजे वैजयंताचं. सगळं जुळलं, फक्त वजन नाही. सत्त्याण्णव किलो आणि साखर उंबरठ्यावर. असल्या देणारीच्या पोटावर आम्ही सुरी ठेवत नाही, असं प्रत्यारोपण समितीनं सांगितलं. चौऱ्याहत्तरच्या खाली या, आणि आलात की सहा महिने तिथंच राहून दाखवा. दोन किलो इकडं नाही, दोन किलो तिकडं नाही.

मग गेल्या शिमग्यानंतर तिनं फुगा गिळला. सांडग्याएवढी कुपी, तिला केसासारखी नळी. पाण्याच्या घोटाबरोबर कुपी पोटात गेली, नळीतून तिच्यात अर्धा लिटर पाणी भरलं, नळी ओढून काढली. भूल नाही, चिरा नाही, वीस मिनिटांचं काम. पोटात जागाच उरली नाही म्हटल्यावर माणूस खाणार किती? सोळा आठवड्यांनी फुगा आपोआप विरघळला आणि निघून गेला. पंधरा किलो उतरले.

फुगा तसा जुनाच. त्याचं दुखणंही जुनं. तो गेला की वजन परत यायचं. कारण शरीराला आपलं जुनं वजन आठवतं. चरबी कमी झाली की ते घाबरतं, दुष्काळ आला असं समजतं. जठरातून भुकेचं संप्रेरक जास्त सुटतं आणि माणूस स्वयंपाकघराकडं ओढला जातो. त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा काही नसतो. म्हणून या नव्या फुग्याबरोबर एक जास्तीची गोष्ट येई. फुगा विरघळताना त्याच्यावरची नखाएवढी पातळ चकती जठराच्या अस्तराला चिकटून मागं राही. पोटातल्या आम्लावरच ती चाले. भुकेचं संप्रेरक किती सुटलं, जठर किती ताणलं, हे ती मोजे, आणि पोटाकडून मेंदूकडं जाणाऱ्या मज्जातंतूला हलकीशी चिमटी काढून सांगे, भरलं, आता बास.

पण किती म्हणजे बास, हे तिला कोण शिकवणार? तर ते माणसानंच शिकवायचं. पहिले एकशेवीस दिवस चकती काहीच करत नसे, नुसती बघे. तुम्ही कधी खाता, किती खाता, कधी थांबता. आहारतज्ज्ञानं आखून दिलेलं जेवण या दिवसांत इमानानं जेवायचं. तीच तुमची रीत असं ती शिके, आणि एकशेएकविसाव्या दिवसापासून त्या रीतीची राखण करी. दवाखान्यात तिला भलंमोठं नाव होतं. वैजयंता तिला राखणदार म्हणे. शाळू हुरड्याला आला की माळ्यावर गोफण घेऊन बसतो तसा. एक पाखरू खाली उतरू देत नाही.

आणि आता हा राखणदार तिला स्वतःच्याच रानात उतरू देईना.

*

वैजयंता कापडाच्या गोदामात मेंडिंगला होती. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि तिनं हातानं दोष टिपायचे. कुठं गाठ, कुठं तुटका धागा, कुठं विरळ जागा. हे काम यंत्रानं करून पाहिलं होतं, पण आक्काच्या बोटांना जे कळे ते यंत्राच्या डोळ्याला कळत नसे.

"आक्का, किती गं बारीक झालीस! स्वतःच्या लग्नातसुद्धा नसशील एवढी," शेजारच्या टेबलावरची सुलभा म्हणाली.

"फुगा फुटला आणि आक्का सुटली," दुसरी हसली. "मला पण सांग की कुठं गिळायचा ते."

"गिळ, पण आधी तोंड बंद कर," वैजयंता म्हणाली. सगळ्या हसल्या. तिनं हसत हसतच पोलक्याच्या बाहीत दोन बोटं घातली. महिन्यापूर्वी एक बोट जायचं. काल जिना चढताना गुडघ्यातून जीव गेल्यासारखा झाला होता आणि केस विंचरताना फणीत झुबका आला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिची आई सांगायची, नवस बोलावा मनात आणि व्रत धरावं मुकाट्यानं. ज्याच्यासाठी धरलं त्याच्या कानावर उद्यापनाआधी गेलं तर पुण्य वाटेतच सांडतं.

*

सोमवारी दवाखान्यात जाण्याआधी वैजयंतानं तांब्याभर पाणी प्यायलं. मग आणखी एक. मग तिसरा. काट्यावर निदान पासष्ट तरी दिसावेत. चौथा तांब्या ओठाला लावला आणि तिला दिगूची बाटली आठवली, बाहेरून पट्ट्या मारलेली, दिवसभर पुरवून पुरवून प्यायची. तिनं तांब्या खाली ठेवला. पण प्यायलेलं पाणी प्यायलेलंच होतं.

दिगू दवाखान्याच्या दारात उभा होता. चेहरा पिवळट, पायावर सूज, तरी मिश्या पिळलेल्या.

"तू कशाला आलास रे? आज तुझा सुट्टीचा दिवस."

"म्हणूनच आलो. रंजना म्हणाली, वन्सं पदर दोनदा गुंडाळून घ्यायला लागल्यात. चल, आत चल."

डॉक्टर केतकी हेरवाडे पस्तिशीची, भरभर बोलणारी बाई. त्यांनी काटा बघितला, चौसष्ट नऊशे. रक्ताचा अहवाल बघितला आणि खुर्ची पुढं ओढली.

"वैजयंताताई, पाणी पिऊन आलात का?"

वैजयंतानं पदर पुन्हा गुंडाळून घेतला.

"काट्याला फसवता येतं हो. रक्ताला नाही. प्रथिनं घसरली आहेत, हिमोग्लोबिन नऊवर आलंय. स्नायू झिजायला लागलेत. आपल्याला बहात्तरवर थांबायचं होतं. असं रक्त घेऊन मी तुम्हाला समितीपुढं नेऊ शकत नाही."

"नेत नाही असं नका म्हणू," वैजयंता मध्येच म्हणाली. "मी खाते. उद्यापासून जास्त खाते. एप्रिलची तारीख ठरली आहे ना? त्याचा हात बघा एकदा. ती जोडणी आता कशी वाजते ते मला ऐकू येतं. पूर्वी मांजर गुरगुरल्यासारखी वाजायची, आता..."

"आक्का," दिगू म्हणाला.

"मला वाटतं चकती बिघडली असावी," डॉक्टर म्हणाल्या. "खाण्याची आठवड्याची सरासरी दर वेळी कमीच येते, पण का ते कळत नाही. थांबा, कच्ची नोंद काढते."

त्यांनी भिंतीवरचा पडदा उजळवला. आत्तापर्यंत तिथं आठवड्याला एक असे ठिपके असायचे, ते गेले, आणि रोजची एक अशी उभी रेघ उमटली. चकतीनं 'भरलं' असा निरोप किती वेळा धाडला त्याची रेघ. ऐंशी दिवसांच्या ऐंशी रेघा.

डॉक्टर बघत राहिल्या. वैजयंता बघायचं टाळत होती. दिगू मात्र उठून पडद्याजवळ गेला, अगदी नाक लावून, जसा तो मागावरच्या कापडाजवळ जायचा.

"बाई, हे बिघडलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बिघाड असा नसतो. माग बिघडला की सूत कुठंही तुटतं. इथं दोन, तिथं सात, मग बराच वेळ काही नाही. हे बघा. एक उंच, एक बुटकी. एक उंच, एक बुटकी. ऐंशी दिवसांत एकदासुद्धा चुकलेलं नाही. एक धागा वर, एक खाली, ही साधी वीण आहे. आणि वीण आपोआप पडत नाही. कुणीतरी बांधून दिल्याशिवाय नाही."

तो वळला. "आक्का, हे कुणी बांधलं?"

गोदामातल्या टेबलावर हजारो वार कापडातला एक चुकार धागा बोटानं ओळखणारी बाई आपल्याच पदराचं टोक पिळत बसली होती.

"आक्का."

"धारणं-पारणं," ती म्हणाली. "चातुर्मासात धरलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत."

डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. फुगा आषाढीच्या आठवड्यात विरघळला होता. आषाढी ते कार्तिकी एकशेवीस दिवस.

"म्हणजे ती शिकत होती तेव्हा..." त्या पुटपुटल्या. "ताई, मी तुम्हाला दर भेटीत विचारलं होतं. आपल्या मनानं काही डाएट करताय का?"

"डाएट कुठं करत होते? बारीक व्हायला नव्हतं ते." तिनं भावाकडं बघितलं नाही. "ते ज्याच्यासाठी होतं त्याला सांगायचं नसतं."



*

बाहेर पिंपळाच्या पारावर दोघं बसली.  दिगू रागानंच बोलला.

"माझ्यासाठी? मी मागितलं होतं तुझ्याकडं? मूत्रपिंड देतेस तेवढं पुरेना म्हणून जेवणपण दिलंस? उद्या काय डोळे काढून देणार आहेस?"

"दिगू, मला भीती वाटत होती रे. फुगा गेला आणि वाटायला लागलं, आता सगळं परत येणार. सत्त्याण्णव. मग समिती नाही म्हणणार, आणि मग तू... मला वाटलं, उपास धरला तर वजनपण राहील आणि देवपण राहील. दोन्ही एका खुंटीला बांधावं."

"आणि देवानं खुंटीच उपटली."

"देवानं नाही. त्या यंत्रानं म्हण की."

"यंत्रानं काय वाईट केलं? जे दाखवलंस ते इमानानं शिकलं. व्रत संपलं हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तर ते बिचारं काय करणार? अजून चातुर्मासच पाळतंय." बोलता बोलता तो थबकला. रागाखालून त्याचा नेहमीचा चेहरा डोकावला. "तू उद्यापन केलंस?"

"तुझ्या ऑपरेशननंतर करणार आहे."

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, चकती आजच बंद करायची. मग वर्षभर कोंडलेली भूक एकदम सुटेल, बांध फुटल्यासारखी. वजन कुठं जाऊन थांबेल याचा नेम नाही, आणि ते चौऱ्याहत्तर ओलांडून गेलं की सगळंच संपलं. दुसरी, चकतीला पुसून पुन्हा शिकवायचं. एकशेवीस दिवस, दोन वेळ, आखून दिल्याप्रमाणे, एकही दिवस न गाळता. पण पुसली तरी तिचा जुना संस्कार एका दिवसात जात नाही. पहिले कितीतरी आठवडे नकोच्या दिवशी ती आतून नको म्हणत राहणार, मळमळणार, आणि तरीही जेवायचं. तोवर एप्रिलची तारीख गेली. आषाढ उजाडणार.

"आजच बंद करू," वैजयंता म्हणाली. "मी सांभाळते भुकेला. आठ आठवडे तर काढायचेत. खाते पण आणि सांभाळते पण."

"आणि सुटली म्हणजे?"

"नाही सुटणार."

"आक्का, माझ्या डोळ्यात बघून बोल."

ती कसं बघणार? तिला ती भूक माहीत होती. नवरा गेल्यावर सहा वर्षं तिच्याच सोबतीनं तिनं काढली होती. तूपसाखरपोळी, उभ्या उभ्या, ताट न घेता.

दिगूनं तिचा हात घेऊन आपल्या डाव्या दंडावर ठेवला. कातडीखाली रक्त थरथरत होतं, बारीक, मागावर दूरचा धोटा पळावा तसं.

"चालू आहे ना?"

"आहे."

"मग चालू आहे तोवर मी थांबतो. थांबायचं काम माझं, जेवायचं काम तुझं. आणि उद्यापन माझ्या ऑपरेशननंतर नाही. येत्या धारण्याच्या दिवशी."

"उपासाच्या दिवशी कुणी उद्यापन करतं का?"

"तुझ्या राखणदाराला त्याच दिवशी सांगायला पाहिजे ना, की बाबा, संपलं. मेहूण म्हणून मी आणि रंजना येतो. दुसरं मेहूण शोधू नकोस."

*

बुधवारी भर दुपारी भाऊ-भावजय पाटावर बसले. वैजयंतानं मेहुणासाठी स्वयंपाक केला होता. पण असलं उद्यापन कुणी पाहिलं नसेल. दुधी दोनदा उकळून, पाणी ओतून. भात मांडाचं पाणी काढून. वरण चार चमचे. पुरणपोळी अर्धी. कशात मीठ नाही. तिनं ताटाच्या डाव्या कोपऱ्यात सवयीनं मिठाची जागा बोटानं पुसली आणि तिथं लिंबाची फोड ठेवली. दिगूच्या पेल्यात मापानं पाणी ओतलं. दोघांना हळदीकुंकू लावलं, रंजनाची ओटी भरली, पाया पडायला वाकली तर दिगू ओरडला, "मोठी आहेस, काय करतेस!"

"आज तू मेहूण आहेस. गप बस."

मग तिनं स्वतःचं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली. पहिला घास घेतला.

पुरे, आतला राखणदार म्हणाला.

दुसरा घेतला. पुरे, पुरे. पोट दगड झालं. कपाळावर घाम आला. तिसरा घास हातातच राहिला.

"वन्सं, राहू दे का थोडं?" रंजना घाबरून म्हणाली.

"राहू द्यायचं नाही," दिगू म्हणाला. "आक्का, आई सुताच्या कांड्या भरताना काय म्हणायची गं? ती भुकेची ओवी."

"आता कशाला?"

"म्हण. नाहीतर मी म्हणतो, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."

वैजयंताला हसू फुटलं, आणि हसण्यात घास कधी खाली गेला कळलं नाही. ती म्हणू लागली, आईच्या चालीत, घोगऱ्या आवाजात:

*भूक माझी माहेरीण, आली उन्हाची दमून*
*दारातून परतू नये, पाट घाला, घ्या बसवून*

*भूक माझ्या गं भावाची, तिला सोन्याचा गं पाट*
*जावो तृप्त पाउलांनी, पुन्हा धरो हीच वाट*

दिगू बिनमिठाचा भात जेवत होता आणि प्रत्येक घासाला "वा, काय चव आहे" म्हणत होता. खोटं. सगळ्यांना माहीत असलेलं, साजरं खोटं. त्याच्याकडं बघत बघत वैजयंता जेवली. एक भाकरी, वाटीभर वरण, अर्धी पोळी. शेवटचा घास उतरला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मळमळीचं की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. "संपलं बरं का," ती म्हणाली. मग आपल्या पोटावर हात ठेवून तेच पुन्हा म्हणाली.

*

डॉक्टरांनी चकती पुसली होती, तरी पुढचे दिवस सोपे नव्हते. नकोच्या दिवशी ती घड्याळ समोर ठेवून जेवे. दोनदा उलटी झाली. काटा कधी शंभर ग्रॅम वर, कधी दोनशे खाली. काटा खाली गेला की दिगूची भीती, वर गेला की जुन्या सत्त्याण्णवची भीती. दोन्ही भीतींच्या मधोमध ती रोज सकाळी अनवाणी उभी राही. एप्रिलची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी दिगूनं फोन करून एवढंच विचारलं, "जेवलीस?" त्याचा हात चालू होता. दर संध्याकाळी ती जाऊन कान लावून यायची.

उद्यापनापासून सत्त्याहत्तरावा दिवस धारण्याचा होता. गोदामात उजेडाच्या टेबलावरून पांढरं पोपलीन सरकत होतं. अकरा वाजले असतील. वैजयंताचा हात एकाएकी कापडावर थांबला.

"गाठ सापडली?" सुलभानं विचारलं.

 कापडात काही नव्हतं. बरगड्यांच्या खाली काहीतरी हललं होतं. बारीक, पोकळ, ओढ लावणारं. कुणीतरी दारात येऊन उंबरठ्यावर घुटमळावं तसं.

 ही कोणती? उन्हाची दमून आलेली, पाटावर बसवायची? की उभ्या उभ्या तूपसाखरपोळी मागणारी ती जुनी? दोघींचा चेहरा सारखाच असतो. बोटांनी कळेना. तिनं टेबलाचा दिवा मालवला, हात धुतले, डबा सोडला.

"आक्का, सुट्टीला अजून तास आहे!"

"असू दे."

ती खाली बसली, मांडी घालून, ताटाच्या जागी डब्याचं झाकण. एक भाकरी, हळूहळू, प्रत्येक घास चावून. ती कान देऊन बसली होती, आतून कधी येतो तो आवाज म्हणून. अर्धी झाली, आला नाही. पाऊण झाली. राखणदार गप्प होता. माळ्यावर बसून नुसता बघत, शिकत. भाकरी संपली. डब्यात दुसरी होती, आणि हात तिच्याकडं निघालाच होता.

हात वाटेतच थांबला.

"पुरे," वैजयंता मोठ्यानं म्हणाली.

सुलभानं वळून बघितलं. "कुणाला म्हणतेस गं?"

वैजयंतानं डब्याला झाकण लावलं आणि फोन उचलला. पलीकडं डायलिसिसचं यंत्र घरघरत होतं.

"आक्का? काय झालं?" दिगूचा आवाज घाबरलेला.

"काही नाही रे. भूक लागली होती."

 मग तो म्हणाला, "केवढी?"

"एका भाकरीची."